उभ्या रेघेच्या अलीकडे

"म्हणजे त्या बिचाऱ्याचा हात उगाचच सोडला की हो, अप्के!" तोरगिन म्हणाली आणि वर्ग हसला. जिला सगळ्या अप्के, म्हणजे ताई, म्हणत ती शिक्षिका कामशातही हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला खुर्ची हवी आहे, आणि खुर्ची खिडकीपाशी आहे, चार माणसांच्या पलीकडे. मग ती टेबलाला टेकली. बाहेर डोंगरावरून सोडलेलं पाणी रस्त्याकडेच्या पाटातून खळखळत चाललं होतं, चिनारांना नुकतीच पालवी फुटली होती, अल्माटीतल्या कुठल्याही वसंतातला असावा तसा शुक्रवार होता. कुणालाही काही झालेलं नव्हतं. तोरगिनने तर बरोबर उत्तर दिलं होतं, आणि तेही या वर्गात पहिल्यांदाच.

ज्यांची मुलं बोलत नाहीत, डोकं आपटतात, एकाच चमच्याने जेवायचा हट्ट धरतात, अशा आईबापांना आणि त्या मुलांच्या नव्या शिक्षिकांना कामशात या केंद्रात आलेख वाचायला शिकवत असे. आलेख साधेच. खाली दिवस, बाजूला आकडा. दिवसभरात मुलाने किती वेळा डोकं आपटलं किंवा किती वेळा स्वतःहून पाणी मागितलं, त्याचा एक ठिपका. मध्ये कुठेतरी तुटक उभी रेघ, म्हणजे या दिवसापासून आपण उपाय सुरू केला. रेघेच्या अलीकडे आधीचं, पलीकडे नंतरचं. एवढंच वाचायचं, पण एवढंच कुणाला वाचता येत नाही. चांगली बातमी घेऊन येणाऱ्याने उंबऱ्यातूनच "सुयुंशी!" म्हणून ओरडायचं आणि ऐकणाऱ्याने त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, ही चाल जिथे हाडीमाशी खिळलेली, तिथे शेवटचा ठिपका जरा बरा दिसला की अख्खा वर्ग सुयुंशी मागायला उठतो. त्यात तोरगिन पुढे. ती लग्नाच्या हॉलमध्ये बौरसाक, कणकेचे फुगीर गोळे, तळायची, तिचा मुलगा याच केंद्रात यायचा, आणि तिला प्रत्येक आलेखात चमत्कार दिसायचा. कामशात तिला म्हणायची, "तोरगिन, इथे शितावरून भाताची परीक्षा नाही. सगळं पातेलं बघ." ठिपके रेघेच्या आधीपासूनच कुठे चालले होते ते बघ. विखुरलेत किती ते बघ. आणि शंका आली तर कागदाची पट्टी घे, उभी रेघ झाकून टाक, आणि स्वतःला विचार: रेघ कुठे आहे हे मला ठिपक्यांवरून सांगता येईल का? नाही आलं, तर बदल उपायाने झाला असं म्हणायचं नाही. जीव गेला तरी म्हणायचं नाही.

आणि आज तोरगिनने तेच केलं होतं. प्रत्येक तुकडीला शेवटी, जेवणानंतर साखरेचा खडा द्यावा तसा, कामशात एक आलेख दाखवायची. नाव नाही, गाव नाही. "एक मोठा माणूस आहे, बोलत नाही, स्वतःचा हात चावतो," एवढंच. अलीकडे ठिपके उंच, पलीकडे ठिपके खाली. अलीकडची सरासरी, पलीकडची सरासरी. बघा, चिकाटी धरली तर काय होतं. दरवेळी बायकांचे डोळे भरून यायचे आणि वर्ग संपायचा. आज तोरगिन उठली, आपली मैद्याच्या डागांची पट्टी फळ्यावरच्या आलेखावर ठेवली, डोकं एकदा इकडे एकदा तिकडे केलं, आणि म्हणाली, "अप्के, मला नाही सापडत हो. ही तर नुसती घसरगुंडी आहे. पोरगं वरून सुटलंय ते सुटलंय, मधल्या पायरीला कुणी रंग दिला म्हणून का जोरात घसरणार आहे? रेघेच्या आधी त्या घरात काय चाललं होतं?" कामशात म्हणाली, "माहीत नाही." "आणि रेघेनंतर काय केलं?" "हात धरणं बंद केलं. तो चावायचा तेव्हा घरातलं माणूस त्याचा हात धरून बसायचं, ते बंद केलं." मग तोरगिनने ते वाक्य टाकलं, वर्ग हसला, आणि कामशातने, शिक्षिकाच ती, म्हटलं, "बरोबर. अगदी बरोबर वाचलंस." तोरगिनने सुयुंशी मागायला हात पुढे केला. कामशातने खिशातला कुर्तचा, वाळवलेल्या दह्याचा, खारट गोळा तिच्या तळव्यावर ठेवला, आणि वर्ग नेहमीसारखा संपला.

घरी जाताना तिने ट्रॉलीबस सोडून दिली आणि उताराने चालत निघाली. 'उगाचच'. केवढासा शब्द, पण बुटात खडा शिरावा तसा तो टोचत राहिला. रेघेच्या आधी त्या घरात काय चाललं होतं ते तिला माहीत होतं. त्या घरात आपा होती, तिची आई. शेलेक गावाच्या बाजूचं ते घर, दारात जर्दाळूचं झाड, आत बुटक्या टेबलाभोवती अंथरलेल्या रजया, आणि टेबलाच्या वरच्या टोकाला आई, आणि आईच्या उजव्या अंगाला सामात, कामशातचा धाकटा भाऊ, तिशी ओलांडलेला, खांद्याने रुंद, दाढी आईने केलेली. त्याचा उजवा हात आईच्या मांडीवर. अंगठ्याच्या मुळाशी दातांनी घट्टा पडलेला, उंटाच्या गुडघ्यासारखा कडक, आणि आई बोलता बोलता आपल्या अंगठ्याने तो घट्टा दाबत असायची. तिचा उजवा हात असा कायमचा गुंतलेला, म्हणून ती चहा डाव्या हाताने प्यायची. पाहुणे चिडवायचे, "काय हो, म्हातारपणी उलट्या हाताने खायला लागलात, वर गेल्यावर काय जबाब देणार?" आई म्हणायची, "वर विचारतील तेव्हा सांगेन, उजवा कामावर होता."

कामशात तेव्हा नवी नवी हे शास्त्र शिकत होती आणि नव्या सुनेने घर झाडावं तसा तिचा उत्साह होता. त्या शरद ऋतूत ती आईकडे राहायला गेली, संध्याकाळी कोपऱ्यात बसून सामात किती वेळा चावतो ते मोजायची. आई म्हणायची, "मोज बाई, मोज. मेंढ्या मोजून वाढत नाहीत आणि हा मोजून कमी चावत नाही." पण तो कमी चावत होता. हे तिने तेव्हा पाहिलं नव्हतं का? ठिपके तिनेच तर काढले होते. पाटावरची फळी ओलांडताना ती थांबली आणि तिने डोळे मिटून तो आलेख आठवला, फक्त अलीकडची बाजू. आणि सरासरी नावाचं पांघरूण काढल्यावर खाली स्पष्ट उतार होता, पहिल्या आठवड्यापासून. आईचा हात त्याच्या हातावर, आणि ठिपके हळूहळू खाली. आईने केलं म्हणून? तेही सांगता येत नाही. वय झालं म्हणून, दुखरी दाढ पडली म्हणून, जर्दाळूंचा हंगाम संपून घरातली वर्दळ थांबली म्हणून, कशानेही. पण तिच्या उपायाने नाही, कारण तो अजून सुरूच झाला नव्हता.

एकदा ती आईला समजावायला बसली होती. "आपा, नीट ऐक. तो चावतो, मग तू हात धरतेस. म्हणजे हात धरायला मिळावा म्हणून तो चावतो. तूच त्याला चावायला शिकवते आहेस." आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, रागाने नव्हे, लहानपणी ती ताप आलेला असताना खेळायला निघायची तेव्हा बघायची तसं. म्हणाली, "मग काय बिघडलं? मागायला त्याला तोंड नाही. त्याने दातांनी मागितलं." "पण हाताची चाळण झालीय!" "म्हणून तर धरते," आई म्हणाली, आणि विषय संपला. आईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, असं कामशात त्या रात्री नवऱ्याला फोनवर म्हणाली होती. त्याच हिवाळ्यात आई गेली. बर्फ इतकं होतं की तिला नेताना रस्ता फावड्याने काढावा लागला. सामात आपली रजई काखेत घेऊन अल्माटीला आला, आणि कामशातने उभी रेघ काढली.

रेघ म्हणजे नियम. सामात चावायला लागला की कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही, शिवायचं नाही. आणि गोंधळ नको म्हणून एरवीही कुणी हात धरायचा नाही. तिचा नवरा सेरझान ट्रॉलीबसच्या डेपोत विजेचं काम करायचा, स्वभावाने मऊ, तो म्हणाला, "आई गेलीय त्याची, जरा थांब." ती म्हणाली, "थांबले तर कधीच होणार नाही." पहिले काही आठवडे सामात जेवणाच्या वेळी तिच्या उजव्या अंगाला येऊन बसायचा आणि आपला हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवायचा. चावायचा नाही, नुसता ठेवायचा. ती किटली बघायला उठायची. पुन्हा बसली की पुन्हा हात, पुन्हा किटली. मग हळूहळू त्याने हात ठेवणं सोडून दिलं, आणि समोरच्या बाजूला, भिंतीकडे बसायला लागला. चावणं कमी होताना तिने ठिपके काढले होते. हे कमी होत गेलं त्याचा ठिपका कुणी काढला नव्हता. आता, मुलांच्या बागेशी, आइस्क्रीमच्या अजून बंद असलेल्या टपरीसमोर उभी राहून तिला रडू आलं. लोक आजूबाजूने जात होते, एका म्हातारीने विचारलं, "काय गं पोरी, कुणी गेलं का?" कामशातने नुसती मान हलवली, आणि त्या हलवण्याचा अर्थ हो की नाही हे तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या कुणाचा आलेख असता तर तिने एका नजरेत सांगितलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण नुसता अंधार नव्हता तो, तिला ती रेघ हवी होती. आई गेल्यावर सामातसाठी आपण काहीतरी केलं, आईला जमलं नाही ते केलं, हे कुठेतरी पांढऱ्यावर काळं असायला हवं होतं. त्या रेघेला धरून तिने इतकी वर्षं काढली होती, आणि तिच्यावरून शेकडो बायकांना रडवलं होतं.

घरात शिरली तेव्हा स्वयंपाकघरात सेरझान कणीक मळून बसला होता. दर शुक्रवारी, वारलेल्या माणसांसाठी सात शेल्पेक, पातळ मोठ्या पुऱ्या, तळायच्या, तळणाचा वास वर पोचतो म्हणतात. ती उशिरा आली की तो मळून ठेवायचा, तळायचं मात्र तिच्यावर सोडायचा. सामात भिंतीकडे बसून बोटाने रजईवरची नक्षी गिरवत होता. तिने तेल तापत ठेवलं आणि तेलाकडेच बघत सगळं सांगितलं. सेरझानने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता काय करणार?"

"खरं कळायचा एकच रस्ता आहे. नियम काढून टाकायचा आणि बघायचं."

"आणि वाढलं तर?" त्याचा आवाज खाली गेला. दोघांनाही मधल्या वर्षांतला तो हिवाळा आठवला, सामातचा हात पिकला होता, इस्पितळातला डॉक्टर म्हणाला होता, पुन्हा असं झालं तर हात बांधून ठेवावे लागतील, आणि तुम्हाला घरी जमत नसेल तर जागा आहेत अशा माणसांसाठी. त्या 'जागा' सेरझानने एकदा दिवे दुरुस्त करायला जाऊन आतून पाहिल्या होत्या. त्याबद्दल तो कधी बोलला नव्हता.

"वाढलं तर पुन्हा बंद करीन."

"तू करशील गं. तो करू देईल? एकदा तोडलंस, आता जोडून पुन्हा तोडणार?"

तिने पहिली शेल्पेक तेलात सोडली, ती फुगली, घरभर वास पसरला, आणि दर शुक्रवारी व्हायचं तसंच झालं: सामातने मान वर करून दाराकडे पाहिलं. कामशातला दरवेळी वाटायचं की वासाने त्याला भूक लागते. आज वाटलं, हा वास ज्या घरात यायचा त्या घरातलं माणूस तो शोधतोय. खरं काय ते कळायला मार्ग नव्हता. सात तळून झाल्यावर तिने हात पुसले, भिंतीकडे जाऊन त्याच्या डाव्या अंगाला बसली, आणि त्याचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. घट्टा होता तसाच होता, कडक, थंड. सामातने त्या हाताकडे पाहिलं, जणू कुणीतरी विसरून गेलेली वस्तू आहे. मग हात ओढून घेतला, तोंडाशी नेला आणि कचकन चावला.

दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त; घट्ट्याच्या कडेला रक्त आलं. सेरझान बँडेज घेऊन आला, गुडघ्यावर बसला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बघ."

"तीन ठिपके," ती म्हणाली.

"माणूस आहे तो, कामश! ठिपके काय लावलेत?"

"म्हणूनच म्हणतेय. तीन दिवसांत माणसाचा निकाल लावायचा?" आयुष्यभर ती हे वाक्य लोकांचा आनंद आवरायला वापरत आली होती. घाई नको, सुतावरून स्वर्ग गाठू नका, शेवटचा ठिपका खरा मानू नका. दुःखालाही ते लागू पडतं हे तिला कधी सुचलंच नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अर्थातच, ठिपक्याला काय आनंद आणि काय दुःख. पण आता रक्ताळलेला बोळा हातात धरून बसलेली असताना त्या कोरड्या नियमाने तिला थोपवून धरलं. एवढ्यात ठरवू नकोस. बघत राहा. उद्याही बस. ती दुसऱ्या दिवशीही बसली. कधी तो हात देई, कधी झिडकारी, कधी दिलेला हात मध्येच ओढून चावे आणि पुन्हा आणून ठेवी. हे आणून ठेवणं केव्हा सुरू झालं तेही तिला सांगता आलं नसतं, कारण ती चावणं मोजत होती. जर्दाळूंचा मोहर आला आणि एका रात्रीच्या गारांनी निम्मा गेला. वर्गात नवी तुकडी आली. साखरेचा खडा देणं तिने बंद केलं; शेवटच्या दिवशी आता ती तोच आलेख लावायची, पट्टी पुढे करायची आणि गप्प बसायची. कुणीतरी धीर करून म्हणायचं, "इथे काही कळत नाही," आणि ती म्हणायची, "बरोबर." तोरगिन अजून यायची, नाव नोंदवलेलं नसतानाही, मागे बसून नव्यांना दटावायची, "सुयुंशी-बियुंशी नंतर, आधी अख्खं पातेलं बघा!"

बाजारात पहिल्या स्ट्रॉबेऱ्या आल्या तेव्हा एका संध्याकाळी चहाच्या आधी तिने नवा आलेख सेरझानपुढे ठेवला, गेल्या वर्षापासूनच्या ठिपक्यांचा; मोजणं तिने कधी सोडलंच नव्हतं. या वेळी तिने उभी रेघ काढलीच नव्हती. खालचे दिवस दुमडून झाकले होते. "माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही," ती म्हणाली. "तू सांग. यात हात धरायला मी कुठे सुरुवात केली?"

"मला कसलं विचारतेस? मी तारा जोडणारा माणूस."

"तार कुठे तुटली ते सांगतोस ना? तसंच."

सेरझानने चष्मा लावला. कागद जवळ नेला, लांब धरला. सामात शेजारीच होता, कामशातच्या उजव्या अंगाला, त्याचा हात तिच्या मांडीवर. सेरझानचं बोट ठिपक्यांवरून चालत गेलं, एका ठिकाणी थांबलं, मागे आलं. "इथे?" त्याने बोट ठेवलं ते हिवाळ्यावर होतं, नववर्षाच्याही आधी. तिने मान हलवली. "मग इथे?" ती वसंत सरतानाची जागा होती. ते तीन रक्ताळलेले दिवस त्याच्या बोटाखालून केव्हाच निघून गेले होते. मागे तसेच दोन-तीन उंचवटे होते, पुढेही एक होता, आणि बाकी सगळे ठिपके खालच्या खाली, एका पातळीत, डेपोतल्या गाड्यांसारखे उभे. त्याने चष्मा काढला. त्याचा चेहरा पडला, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस बायकोला वाईट बातमी कशी सांगतो तसं तो जपून म्हणाला, "मला तर काही दिसत नाही गं. आधी तेच, नंतर तेच. तू एवढं बसलीस त्याच्यापाशी... उपयोग नाही झाला, कामश. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही ना झाला?"

"नाही."

"आणि वाढलंही नाही?"

"वाढलं कुठे? सगळं सारखंच आहे."

"पुन्हा एकदा बघ," ती म्हणाली. त्याने पुन्हा पाहिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला की सेरझान घाबरलाच. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही. हात धरणं हे औषध नव्हतं, विषही नव्हतं. त्याने काही बरं होत नव्हतं, काही बिघडत नव्हतं. आईने कुणाला काही शिकवलं नव्हतं, तिने कुणाला काही बरं केलं नव्हतं. गेलेली वर्षं गेली होती, त्यांचं तिला दुःख होतं आणि ते राहणार होतं. पण यापुढे तिला कुणाची, स्वतःचीसुद्धा, परवानगी लागणार नव्हती. हे ती सेरझानला सांगायला गेली, पण शब्द जुळेनात, एवढंच म्हणाली, "म्हणजे आता धरला तरी चालतो. नुसता."

सेरझानला ते पूर्ण कळलं असं नाही. पण तो मऊ माणूस होता, त्याने मान डोलावली, आणि चहा कधी मिळणार म्हणून किटलीकडे पाहिलं. ती उठायला निघाली. सामातने तिच्याकडे न बघताच तिची बोटं घट्ट आवळली, हात आपल्याकडे ओढला आणि दोन्ही तळव्यांमध्ये नीट ठेवून घेतला. सेरझानने थोडी वाट पाहिली, मग स्वतः उठला आणि तिघांसाठी चहा ओतला.